अनुभव धागा: थंडीत दारात येणारी पाखरं

कार्तिकी
मामानं गावाकडनं बाजरीची चार कणसं पाठवली आणि सकाळपासनं आईच डोळ्यापुढं. सोलापुरात अशोक चौकाकडं आमचं पत्र्याचं घर, शेजारी मागांची खडखड दिवसरात्र, बोललेलं ऐकू यायचं नाही, पण थंडी पडली की आई वाशाला सुतळीनं कणसं उलटी टांगायची आणि त्या आवाजात पण चिमण्या बिनधास्त यायच्या. एक चिमणी लोंबकळून दाणा ओढणार, चोचीत फिरवत फिरवत सोलणार आणि टरफल खाली सोडणार. खाली आई भाकऱ्या थापत बसलेली, तिच्या केसांत ते भुसकट. झटकायची नाही ती. तुमच्याकडं काय काय येतं, लिहा ना.

जुळे सोलापूर
मुनिया!! ठिपकेवाली, छातीवर खवले खवले असतात ती. राळ्याचे दाणे ठेवते मी गॅलरीत. तारेवर एकमेकींना चिकटून बसतात, मधली उडाली की बाकीच्या सरकून जागा भरून काढतात. बाकीचं नंतर, कुकर लावलाय.

आशा२१
कार्तिकी, आईचं वाचून डोळे भरले गं. मला एक सांगा कुणीतरी, काळा पक्षी, पोट विटकरी, शेपूट सारखी थरथरवतो, दाण्याला तोंडच लावत नाही. पोहे ठेवले, तांदळाची कणी ठेवली, काहीच नाही.

माळरान
ताई तो थिरथिरा, हिवाळ्यापुरता येतो, हिमालय आणि त्याच्याही पलीकडनं. किडे खातो म्हणून दाणे नको त्याला. कुंड्यांखालचा पाला झाडू नका, तिथंच त्याचं जेवण. मादी तपकिरी असते, शेपूट तेवढी तांबूस. आणि औषध फवारू नका, चिमण्या दाणे खात असल्या तरी लहान पिलांना किडेच भरवतात.

वडाळ्याचा
तुम्ही दाणे टांगताय, आमच्याकडं मालदांडी ज्वारीच्या रानात भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, उतरल्या की काळा ढगच. आज्जा दिवसभर मचाणावर, हातात गोफण. पण कडंचं एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, कधी राखायचा नाही, तेवढं त्यांचं म्हणायचा. उन्हाळ्यात त्या मध्य आशियाकडं पिलं घालायला जातात, तिकडं टोळ खातात, हे आज्जाला लय उशिरा कळलं, तर म्हटला मग दोन तासं सोडू.

जुळे सोलापूर
दोन तासं!! कसला गोड माणूस. हुरड्याला बोलवा की ओ, शेंगाचटणी मी आणते.

वडाळ्याचा
या की, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा बघून तसंच या.

निशा_
एक सांगायचंय. गेल्या वर्षी नायलॉनच्या बारीक दोरीनं कणीस बांधलं आणि एका मुनियेचा पाय अडकला. मी ड्यूटीवरनं येईपर्यंत दुपार झालेली, गेली होती ती. बोटाएवढा जीव, पायाला दोन वेढे. त्यानंतर मी काहीच टांगलं नाही.

आशा२१
निशा, नको गं इतकं मनाला लावून घेऊ. तू सांगितलंस म्हणून मी आत्ता उठून दोरी काढून आले.

माळरान
जाड सुतळी घ्या, गाठ आवळून टोक कापून टाकायचं. किंवा कणीस सरळ ग्रिलमध्ये खोचा. पाण्याचं परळ रोज घासा. आणि मांजर असेल तर दाणे उंचावर.

कार्तिकी
निशा, माझ्याकडं आईच्या वेळचं सुतळीचं बंडल आहे अजून, देते तुला. दोन कणसं बांधली सकाळी. एक चिमणा येऊन गेला, खाल्लं नाही, नुसतं बघून गेला.

जुळे सोलापूर
उद्या खाईल बघ. वडाळ्याचे, संक्रांतीनंतरचा कुठला रविवार धरायचा?