विषय: टाइप १ आहे, टॅटू काढू का?

नमस्कार मंडळी,

मला टाइप १ मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. घोट्यावर एक छोटा पक्षी गोंदवून घ्यायचाय, काळा, लाल चोचीचा. आई म्हणते "अजिबात नाही", मैत्रिणी म्हणतात "काही होत नाही गं". मधुमेह असून कुणी काढलाय का? गेल्या वेळचा एचबीएवनसी ९.२ होता, हेही सांगून टाकते.

*

उत्तर: टाइप १ आहे, टॅटू काढू का?

मी काढलाय, हातावर. पण ९.२ असताना मी कुणाला सुई टेकवू दिली नसती. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, त्यामुळे आठवडाभर गोड सोडून तो खाली येत नाही. मी तो खाली येईपर्यंत थांबलो आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच गेलो.

त्या दिवशी उपाशी जाऊ नकोस. टॅटू काढणाऱ्याला आधीच सांग. मी लपवणार होतो, नाही म्हणतील म्हणून; वेडेपणा होता तो. वेदनेने आणि ताणाने माझी साखर चढली, पण इन्सुलिन घेऊन दोन तास बसल्यावर ती उतरूही शकते. घाम-थरथर सुरू झाली तर ती सुईच्या भीतीची की साखरेची, हे कळत नाही, म्हणून मधेमधे तपास. ७० च्या खाली गेली तर काम थांबवायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी परत बघायचं.

*

उत्तर: उत्तर: टाइप १ आहे, टॅटू काढू का?

बाळा, मी नर्स होते म्हणून मधे बोलते. घोटा नको. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना आधी कमी होतात; जखम चिघळली तरी दुखत नाही, मग कळायला उशीर होतो. शिवाय मोजे, बूट, घाम. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशीही नीट लढत नाहीत. इन्सुलिन टोचतेस किंवा साखर मोजणारा सेन्सर लावतेस ती जागाही सोड.

सुई नवीन, तुझ्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. शाई छोट्या कपात ओतलेली, उरलेली फेकून देणारा माणूस बघ. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११ साली १९ जणांना टॅटूच्या जागी जंतुसंसर्ग झाला. तिथे राखाडी शाईच मुळात दूषित होती. म्हणून शाई कुठल्या कंपनीची हे विचारायला लाजू नकोस. आणि लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते.

वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे लागतात, तुला थोडे जास्तच धर. तोवर पोहणं बंद, खपली काढायची नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा साखर विनाकारण चढली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

*

उत्तर: उत्तर: उत्तर: टाइप १ आहे, टॅटू काढू का?

काकू, दादा, आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढचा एचबीएवनसी तीन महिन्यांनी. पक्षी घोट्यावरून उडून मनगटाच्या वर बसतोय, आईला तेवढं तरी पटलं. चोच मात्र काळीच ठेवते.