मदत हवी आहे: डुकाटोमध्ये पलंगाखाली दोन सायकली कशा बसवाव्यात?

इझारकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं म्युनिकला असतो. फियाट डुकाटो एल२एच२ (एल म्हणजे लांबीचा, एच म्हणजे उंचीचा प्रकार; ५.४१ मीटर) रिकामी व्हॅन घेतली आहे आणि आतलं काम स्वतःच करणार आहोत. फरशी आणि इन्सुलेशन झालं, पलंग अजून बसवलेला नाही. तेवढ्यात इथे विचारावं म्हटलं.

सायकली दोन. एक २९ इंची माउंटन बाइक, साधारण १५ किलो, हँडल ७८० मिमी. दुसरी ई-माउंटन बाइक, २४ किलो, हँडल तेवढंच. दोन्हींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि १५ × ११० मिमीचा थ्रू-अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा). जाणं मुख्यतः गार्डा तलाव आणि दक्षिण टिरोलकडे, ऑक्टोबरपर्यंत. उंची माझी १७४, बायकोची १६२, म्हणजे आडवं झोपता येईल.

प्रश्न असे:
१. पलंगाची उंची किती ठेवू?
२. पुढचं चाक काढावं की अख्खी सायकल आत ढकलावी?
३. ओढून बाहेर काढायचा स्लायडर करावा का?
४. बांधायचं कशाला? प्लायवूडच्या फरशीला स्क्रू पुरतील का?

---

घाटवळण

आत ठेवायच्या भानगडीत का पडताय? मागच्या दारावर रॅक लावला की अख्खं घर मोकळं.

---

सुतारपक्षी

@घाटवळण, साध्या सायकलींसाठी रॅक ठीक आहे. इथे एक ई-बाइक आहे, त्यामुळे हिशोब बदलतो. दोन्ही सायकली ३९ किलो, रॅक १५ धरा, एकूण ५४. हे वजन मागच्या अॅक्सलच्या साधारण दीड मीटर मागे लटकतं. एल२ चा व्हीलबेस ३.४५ मीटर. तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर सुमारे ७७ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून २३ किलो उचलले जातात. डुकाटोला ओढतात पुढची चाकं. कॅम्पिंगच्या ओल्या गवतावर ती गरागरा फिरायला एवढं पुरतं. शिवाय दाराच्या रॅकला वजनाची मर्यादा असते, ती ई-बाइकसाठी आधी वाचावी लागते. इटलीत मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० × ५० सेंमीची लाल-पांढरी पाटी लागते. मिठाचं पाणी आणि रस्त्यावरचा चिखल थेट बेअरिंगवर बसतो तो वेगळाच.

@इझारकाठ, आत ठेवायचं तुम्ही ठरवलंय ते योग्यच आहे. आता पलंगाची उंची. इथे सायकल ठरवते, माणूस नाही, म्हणून आधी सायकल मोजा.

डुकाटो एच२ ची आतली उंची पत्र्यापासून पत्र्यापर्यंत १९३२ मिमी. फरशी आणि छताचं काम मिळून ८ सेंमी धरलं तर हातात उरतात १८५.

अख्खी २९ इंची सायकल उभी ठेवली तर हँडल १०५ ते ११० सेंमीवर येतं. घासू नये म्हणून मोकळी उंची ११५ हवी. त्यावर चौकट ५ आणि गादी १०, म्हणजे १३०. छतापर्यंत राहिले ५५ सेंमी. कुशीवर वळता येईल, पण कोपरावर रेलून पाणीसुद्धा पिता येणार नाही.

पुढचं चाक काढून फोर्क (चाक धरणारा चिमटा) फरशीपासून ८-१० सेंमीवरच्या माउंटमध्ये अडकवला की अॅक्सल ३७ वरून १० वर येतो. हँडल त्याहून थोडं कमी, साधारण २० ते २२ सेंमी, खाली उतरतं. मग सर्वांत उंच भाग उरतो सीट. ड्रॉपर (सीट खाली-वर करणारा दांडा) पूर्ण दाबला तर सीट ८५ ते ९० च्या आसपास. मोकळी उंची ९५ पुरते. वर १५ गेले, ११० झाले, छतापर्यंत ७५. ताठ बसता येत नाही, पण पाठीला उशी घेऊन वाचता येतं. एच२ मध्ये याहून जास्त मिळत नाही. ताठ बसायचं असेल तर एच३ लागते, तिथे २४ सेंमी वाढतात.

म्हणून चाक काढाच. लांबीही वाचते. दोन्ही चाकांसकट सायकल १९० ते १९५ सेंमी भरते, पुढचं काढलं की साधारण १६०. तुमच्या ३१२ सेंमीच्या तळात हे ३५ सेंमी म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याची जागा आहे.

हे सगळे आकडे एका सरासरी सायकलीचे आहेत. दोन्ही सायकली आत न्या, फोर्कखाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे ठेवा, सीट खाली करा, आणि वर दोन काठ्या आडव्या धरून बघा. पुठ्ठ्याचे नमुने कापू नका. ब्रेक लिव्हर, ई-बाइकचा डिस्प्ले, केबलचा बाक, हे पुठ्ठ्यात दिसत नाही आणि नेमकं तेच पलंगाला लागतं.

---

इझारकाठ

फार उपयोगी, आभार. उद्याच ठोकळ्यांवर ठेवून बघतो. पण रुंदीचं काय? चाकांच्या कमानींमध्ये १४२ सेंमीच आहेत आणि दोन हँडलं मिळून १५६ होतात. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) सैल करून हँडल वळवून ठेवावं का?

---

डबलचेन

स्टेम रोज सैल करू नका. हेडसेटचा (हँडल फिरतं त्या बेअरिंगचा) ताण स्टेमच्या बोल्टांनीच धरून ठेवलेला असतो. ते सैल केले की परत लावताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलका आवळून खडखड घालवायची, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं, मग बाजूचे दोन बोल्ट आलटून पालटून ५-६ न्यूटन-मीटरवर. सकाळी घाईत टोपी राहून जाते आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबला की हेडसेट खटखटतो.

गरजही नाही. १४२ हे माप फरशीजवळचं. हँडल येतं ८५ सेंमीच्या आसपास, कमानींच्या बरंच वर, तिथे अस्तरासह १८० मिळतात. शेजारी शेजारी दोन्ही मावतात, पण मग मधली जागा वाया जाते. त्यापेक्षा उलटसुलट ठेवा. ई-बाइकचा फोर्क मागच्या दाराकडे, दुसरीचा फोर्क ड्रायव्हरकडे. फ्रेममधलं अंतर ३५ ते ४० सेंमीवर येतं आणि एका बाजूला खुर्च्या, टेबल, पाण्याची टाकी बसते.

ई-बाइक दाराकडे तोंड करून, कारण तिचा अॅक्सल बाहेर उभं राहून खोलता येतो. २४ किलोचं धूड आत वाकून धरायचं नाही. उंबरठा जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या वर असतो, तेव्हा आधी बॅटरी काढा (३-४ किलो तिथेच कमी होतात), मग उचला.

आतल्या फोर्कपर्यंत हात पोचण्यासाठी पलंगाच्या पुढच्या बाजूला झडप ठेवा. पलंग आडवा म्हणजे १३५ सेंमी खोल असेल, सायकल १६०. उरलेले २५ सेंमी पलंगापुढे येतात. तिथे खालून पोकळ, ३० सेंमी खोल कपाट करा. १०० सेंमी उंच चढायला पायरी लागतेच, ती त्यालाच जोडा.

काही बारीक गोष्टी:

चाक काढल्याबरोबर कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या चिमट्यात) प्लास्टिकचा ठोकळा घाला, नवीन सायकलीबरोबर पिवळा किंवा लाल येतो तोच. चाक नसताना कुणाचा हात लिव्हरला लागला तर पिस्टन पुढे येतात, पॅड चिकटतात, आणि रोटर (ब्रेकची चकती) आत जात नाही. तसं झालंच तर पॅड काढून, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू सरळ मागे ढकला. पेचकस घालू नका, पिस्टनचा टवका उडतो.

काढलेलं चाक रोटर खाली करून झोपवू नका. जरा वाकला की प्रत्येक फेरीला ‘टिंग’ आवाज. चाकाच्या पिशवीत, रोटर भिंतीकडे, उभं.

मागचा गिअर सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर ठेवा, म्हणजे डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) आत सरकतो आणि शेजारच्या स्पोकमध्ये अडकत नाही. तरीही अडचण झाली तर आतल्या बाजूचं पेडल काढा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, जोर लावण्यापूर्वी आठवा.

---

सुतारपक्षी

आता बांधणं. यात कुठलीही काटकसर मला मान्य नाही.

जोरात ब्रेक मारला तर सामान आपल्या वजनाच्या ०.८ पट बळाने पुढे आणि वळणावर ०.५ पट बाजूला ढकललं जातं, जर्मनीत माल बांधताना हाच हिशोब धरतात. २४ किलोच्या ई-बाइकला हे १९ किलो. एवढं फोर्क माउंट सहज पेलतो. धडकेत मात्र २० पट धरा, म्हणजे ४८० किलो, आणि ते तुमच्या पाठीच्या दिशेने. १२ मिमी प्लायमधले लाकडी स्क्रू तेव्हा फरशीसकट उपटून येतील.

म्हणून दोन वेगळ्या पकडी हव्यात. पहिली: दोन्ही फोर्क माउंट एका १८ मिमी बर्च प्लायच्या पाटावर, एम८ बोल्ट आरपार, खाली रुंद वॉशर किंवा पोलादी पट्टी, नायलॉक नट. दुसरी, आणि खरी: प्रत्येक सायकलीला दोन २५ मिमी पट्टे, जे व्हॅनच्या तळाला कारखान्यातून आलेल्या पोलादी कड्यांना जातात. फर्निचरला किंवा पलंगाच्या पायाला नाही. एक पट्टा फ्रेमच्या खालच्या नळीवरून मागे ओढणारा, दुसरा मागच्या चाकाच्या रिमवरून खाली. फरशी करताना कड्या झाकल्या असतील तर आत्ताच भोकं पाडून मोकळ्या करा.

कार्बन फ्रेमवर रॅचेट (दांड्याने आवळायचा पट्टा) वापरू नका. हातात किती ताण दिला ते कळत नाही आणि नळी दबते. बकलचा पट्टा, खाली पाइपला गुंडाळायचा फोम.

पलंगाखालची पुढची बाजू नुसत्या पडद्याने झाकू नका. १५ मिमी प्लायची भिंत, भिंतींच्या बरगड्यांना बोल्टने धरलेली, त्यात झडपेला दोन कड्या. पट्टा तुटलाच तर शेवटचा अडसर तोच.

स्लायडरबद्दल: दोन सायकलींसाठी मी करणार नाही. दीड मीटरचे जड रेल स्वतःच वजनदार असतात, त्यांच्या उंचीमुळे पलंग आणखी वर जातो, आणि गार्डाची बारीक खडी बेअरिंगमध्ये गेली की खरखर सुरू. त्याहून मोठी अडचण म्हणजे गाडी चढाला तोंड करून उभी असेल तर दार उघडल्यावर पाट स्वतःच बाहेर धावतो. करायचाच असेल तर आत आणि बाहेर दोन्हीकडे लॉक होणारे रेल घ्या.

---

चिखलवाट

ओल्या सायकलींचं कुणी लिहिलं नाही. ऑक्टोबरमध्ये टिरोलहून येताना तो प्रश्न नक्की आहे.

पाटाखाली कडा वर वळलेली रबरी ट्रे टाका. पाणी प्लायच्या कापलेल्या कडेतून आत शिरतं आणि प्लाय तिथूनच फुगतो, म्हणून प्रत्येक कडेला आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाला आतून पॉलियुरेथेन सीलंट. पलंगाखाली डिझेल हीटरची एक गरम हवेची नळी सोडा. नाहीतर रात्री वर गादीच्या तळाशी पाणी साचतं. गादीखाली जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या हव्यातच, सपाट प्लाय नको. चेनवर जुन्या टी-शर्टची बाही चढवली की चादरी वाचतात.

ई-बाइकची बॅटरी पलंगाखाली ठेवू नका, राहत्या भागात आणा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. ५०० वॉट-तासाची असेल तर इन्व्हर्टर आणि चार्जरमधली गळती धरून गाडीच्या बॅटरीतून ६०० च्या आसपास जातात. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास, जवळजवळ निम्मी एका चार्जला गेली. म्हणून गाडी चालू असतानाच, प्युअर साइन इन्व्हर्टरवर चार्ज करा. ४ अँपिअरचा चार्जर दीडशे वॉटच्या थोडा वर घेतो, चार-साडेचार तास लागतात. म्युनिक ते गार्डा ब्रेनरमार्गे एवढा वेळ लागतोच.

---

इझारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठोकळ्यांवर ठेवून मोजलं. साधी सायकल ९१ सेंमी, ई-बाइक ९३. मोकळी उंची ९६ ठेवतोय. उलटसुलट रचनेत फ्रेममध्ये ३८ सेंमी पुरले. दोन कड्या फरशीखाली गेल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. स्लायडर रद्द.

एकच राहिलं. मध्ये सायकली असल्याने पलंगाला मधला पाय देता येत नाही. ४० × ४० अॅल्युमिनियम प्रोफाइलच्या चार आडव्या पट्ट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरतील का?

---

सुतारपक्षी

झोपायला पुरतील, चढायला नाही. १८० सेंमीच्या गाळ्यात दोघांचं वजन चार पट्ट्यांवर पसरलं तर प्रत्येक ४-५ मिमी वाकते, ते जाणवत नाही. पण चढताना गुडघा टेकला की ८० किलो एकाच पट्टीच्या मध्यावर येतात आणि ती दीड सेंमीपर्यंत वाकते. खाली तुमची मोकळीक तीनच सेंमी आहे.

पुढची, म्हणजे चढायच्या बाजूची एकच पट्टी ४० × ८० घ्या आणि उभी बसवा. तेवढ्याच वजनाला ती दोन-तीन मिमीवर थांबते. ती झडपेच्या भिंतीला वरून जोडा, म्हणजे खालून आधारही मिळेल. बाकी तीन ४० × ४० राहू द्या. उभी पट्टी ४ सेंमी खाली उतरते, तेव्हा आतल्या सायकलीचं हँडल नेमकं तिच्याखाली येतं का ते आधी बघा. येत असेल तर तिचा फोर्क माउंट पाटावर ६-७ सेंमी मागे सरकवा.

टोकं भिंतीच्या पत्र्याला नको, बरगडीला हवीत. प्रत्येक टोकाला दोन एम८ रिव्हेट-नट (पत्र्याच्या भोकात कायमचे बसणारे नट), पोलादी. अॅल्युमिनियमचे रिव्हेट-नट आवळताना फिरतात आणि मग ते ना आत जातात ना बाहेर येतात.