मदत हवी आहे: विकृती (स्ट्रेन, म्हणजे स्फटिकाचा आकार बदलणं) हाच ऑर्डर पॅरामीटर असेल, तर लँडाऊ बरोबर कसा ठरतो?

नमस्कार मंडळी,

घन पदार्थांतल्या प्रावस्था संक्रमणावर (फेज ट्रान्झिशन) सेमिनार द्यायचाय आणि चार दिवस एकाच जागी अडलोय. ऑर्डर पॅरामीटर म्हणजे संक्रमणानंतर शून्यापासून वाढत जाणारी राशी; लँडाऊचा सिद्धांत चढउतार सोडून फक्त तिची सरासरी धरतो (मीन फील्ड).

स्ट्रॉन्शियम टायटनेट थंड केलं की सुमारे 105 केल्विनला त्याची घनाकार (क्यूबिक) जाळी एका दिशेने किंचित लांबट (टेट्रागोनल) होते. त्यातले ऑक्सिजनचे अष्टफलक किंचित फिरतात, शेजारचा उलट दिशेने. म्युलर आणि बर्लिंगर यांनी 1971 साली हा कोन मोजला, तर संक्रमणाजवळ तो संक्रमणापासूनच्या अंतराच्या ज्या घाताने वाढतो, तो घातांक 1/3 च्या आसपास निघाला. लँडाऊ म्हणतो 1/2. हे पटतं: क्रांतिक बिंदूजवळ (संक्रमणाच्या अगदी लगत) चढउतार इतके वाढतात की मीन फील्ड टिकत नाही.

आता पॅराटेल्युराइट (टेल्युरियम डायऑक्साइडचा स्फटिक) घ्या. त्यात [110] दिशेने (पायाच्या चौकोनाच्या कर्णाने) जाणारी एक शीअर लाट, म्हणजे थर एकमेकांवर सरकवणारी ध्वनिलाट, मुळातच संथ आहे, सेकंदाला जेमतेम 616 मीटर. दाब वाढवला की ती आणखी मंदावते आणि 0.9 गिगापास्कलच्या सुमारास जाळी त्या शीअरला विरोधच करेनाशी होते. इथे विकृती हाच ऑर्डर पॅरामीटर. तरी मोजमापं लँडाऊच्या 1/2 शी जुळतात!

गिन्झबर्गचा निकष (चढउतारांमुळे लँडाऊच्या उत्तरात किती दुरुस्ती लागते ते तपासणारा) लावून पाहिला. चढउतार सगळ्या दिशांना सारखे धरून त्रिमितीत इंटिग्रल काढला, तर दुरुस्ती संक्रमणापासूनच्या अंतराच्या −1/2 घाताने फुगते. म्हणजे लँडाऊ कोसळायलाच हवा. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
"सगळ्या दिशांना सारखे" इथेच चुकतंय. विकृती सुटी नसते. एक तुकडा वाकला की शेजारच्यालाही जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर जाळी फाटेल. म्हणून मऊ होते ती फक्त [110] आणि तिच्यासारख्या दिशेची लाट. जरा कलती लाट घेतली की कोनाच्या वर्गाइतकी ऊर्जा जास्त लागते. इंटिग्रलच्या छेदात ते पद घाला आणि दोन्ही कोनांवरही इंटिग्रेशन करा. टायटनेटमध्ये अष्टफलकांच्या फिरण्यावर असं बंधन नाही, म्हणून तिथे चढउतार जिंकतात.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार! रात्री बसून पुन्हा केलं. दोन कोनांनी मिळून घातात 1 ची भर पडते, −1/2 चा +1/2 होतो आणि दुरुस्ती संक्रमणाजवळ विरून जाते. एकेकट्या दिशेऐवजी अख्खं प्रतल मऊ झालं तर कोन एकच उरतो आणि घात नेमका शून्य येतो. म्हणजे तिथे लॉगॅरिदम दिसायला हवा ना?

प्रतिसाद २
हो, बरोबर. तिथे त्रिमिती हीच सीमारेषा: मिती त्याहून जास्त असेल तर लँडाऊ टिकतो, कमी असेल तर कोसळतो.