चालतंय म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरला हातच लावायचा नाही, हे कुठलं तत्त्व?

रजिस्टरवाला (धागाकर्ता)

परवा लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, ड्रायव्हरबद्दल (हार्डवेअर चालवणारा कोड) बोलताना आयआरक्यू_सात यांनी लिहिलं की "जो ड्रायव्हर दहा वर्षं बिनबोभाट चालतोय त्यात साफसफाईचे पॅच घेऊच नयेत, मेंटेनरने सरसकट नाकारावेत". (पॅच म्हणजे कोडमधला बदल, मेंटेनर म्हणजे ते तपासून घेणारा.) त्या वाक्याखाली भराभर +१ पण पडले. तिथेच उत्तर देणार होतो, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

अहो, चालतोय म्हणजे नक्की काय? प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्ह फंक्शनचंच घ्या, ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवताना (अनबाइंड) चालतं ते. वर्षानुवर्षं ते इंट, म्हणजे एक आकडा, परत करायचं आणि लिहिणाऱ्याला वाटायचं की आपण मायनस ईबिझी ("अजून कामात आहे") दिलं की डिव्हाइस सुटणार नाही. ड्रायव्हर कोअर त्या उत्तराला भीकच घालायचा नाही, डिव्हाइस सुटायचंच. म्हणजे मध्येच रिटर्न मारलेल्या ड्रायव्हरचा टायमर चालूच, कॅरॅक्टर डिव्हाइस रजिस्टर्डच, आणि डेव्हएमने (ड्रायव्हर सुटला की घेतलेलं सगळं आपोआप सोडणारी कर्नलची सोय) घेतलेली मेमरी मात्र तेवढ्यात परत गेलेली. यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी पुन्हा वापरणं) आयता वाढून ठेवलेला. तरी हे "चालत" होतं, कारण अनबाइंड करून कोणी बघतच नव्हतं. कर्नल डेव्हलपर उवे क्लाइने-क्योनिग यांनी मध्ये रिमूव्ह_न्यू नावाचा तात्पुरता कॉलबॅक ठेवून, एकेक सबसिस्टिम धरून सगळं व्हॉइडवर, म्हणजे काहीच परत न करण्यावर, आणलं. एवढं सगळं हार्डवेअर कुठल्याच एका माणसाकडे असणं शक्य नव्हतं. तुमच्या नियमाने हे काम सुरूच झालं नसतं.

टायमरचंही तेच. जुन्या स्ट्रक्चरमध्ये फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन बोलवायचं तो पत्ता) आणि त्याला द्यायचं आर्ग्युमेंट दोन्ही असायचं, शेजारचा बफर ओव्हरफ्लो झाला की हल्लेखोराला हवं ते फंक्शन हव्या त्या आर्ग्युमेंटने बोलावता यायचं. २०१७ मध्ये कर्नल ४.१५ साठी सगळे ड्रायव्हर टायमर_सेटअप या नव्या फंक्शनवर आणले, त्यातला मोठा भाग कॉक्सिनेलने (कोडमध्ये आपोआप बदल करणारं टूल) झाला.

आणि कर्नलच्या आत स्थिर एपीआय (कोडच्या भागांनी एकमेकांना बोलवायची ठरलेली पद्धत) नसतो हे आपल्या सगळ्यांना मान्य आहे ना? मग ट्रीमधल्या (कर्नलच्या अधिकृत कोडमधल्या) ड्रायव्हरला हात लागणारच. नको असेल तर ट्रीबाहेर ठेवा आणि दर रिलीजला स्वतः निस्तरा.

आयआरक्यू_सात

माझं वाक्य अर्धं उचललंत. पुढचे शब्द होते, "हार्डवेअरवर न चालवलेले". ते सोयीस्कर गाळलेत आणि मग एवढा मोठा निबंध.

मी हे हवेत बोलत नाही. आम्ही एका बोर्डवर ट्रीमधलाच एक एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) ड्रायव्हर वापरतो. त्यात पॅच आला, "डेव्हएम वापरून एरर पाथ सोपा केला". प्रोबमधले (डिव्हाइस जोडतानाचं फंक्शन) गोटू गेले, रिमूव्हमधलं फ्री_आयआरक्यू (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट, तो सोडणारी ओळ) गेलं, डिफस्टॅटमध्ये (किती ओळी वाढल्या-कमी झाल्या त्याचा हिशेब) वजाच वजा, मेंटेनर खूश. क्लॉक मात्र पहिल्यासारखाच हाताने बंद होत होता, तो पॅचवाल्याने सोडून दिला. आता क्रम बघा. आधी फ्री_आयआरक्यू, मग क्लॉक बंद, असं होतं. पॅचनंतर रिमूव्ह चालतं, क्लॉक बंद होतो, रिमूव्ह परततं, आणि *त्यानंतर* डेव्हएम आयआरक्यू सोडतं. मधल्या फटीत शेअर्ड लाइनवर (अनेक डिव्हाइसांची एकच इंटरप्ट लाइन) शेजारच्या डिव्हाइसचा इंटरप्ट आला की आपला हँडलर पण बोलावला जातो, तो स्टेटस रजिस्टर वाचायला जातो, ब्लॉकला क्लॉकच नाही, बस अडकते, बोर्ड थिजतो. ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) नाही, लॉग नाही, फक्त वॉचडॉग रिसेट (बोर्ड अडकला की तो आपोआप परत सुरू होणं). आम्ही कित्येक दिवस पॉवर सप्लायवर संशय घेत बसलो होतो. आणि पॅचच्या खाली काय लिहिलेलं? "फक्त कंपाइल करून पाहिलं."

त्यामुळे तत्त्वं मला शिकवू नका.

बॅकपोर्टर

डेव्हएम राहू द्या बाजूला, खरा ताप वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी जुन्या एलटीएसवर (वर्षानुवर्षं सांभाळले जाणारे कर्नल रिलीज) फिक्सेस आणतो. ५.१० डिसेंबर २०२० चा, अजून लोकांच्या प्रॉडक्टमध्ये आहे. वर, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, एखाद्या ड्रायव्हरमध्ये दोन ओळींचा सिक्युरिटी फिक्स येतो, मी चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून आणणं) करायला जातो आणि कॉन्फ्लिक्ट, का तर मध्ये कोणीतरी कॅमलकेस काढलं, प्रिंटकेचं डेव्ह_एरर केलं, इफ उलटा करून इंडेंट कमी केला. एकाही बदलाने वागणूक बदलत नाही, पण ते दोन ओळींचं काम माझ्याकडे अर्ध्या दिवसाचं होतं आणि हाताने जुळवताना चूक व्हायची भीती वेगळीच. फिक्सेस टॅग (चूक कुठल्या पॅचने आणली ती नोंद) लावायला ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) बघावं तर तिथे साफसफाईवाल्याचं नाव, त्याच्या आधीचं ब्लेम तर तिथे दुसरा साफसफाईवाला. ब्लेमला मायनस डब्ल्यू द्या म्हणणाऱ्यांनी कृपया लांबच राहावं, ते स्पेसपुरतं ठीक, नाव बदललं की संपलं.

८० कॉलमच्या मर्यादेच्या नावाखाली किती ओळी मोडल्या आठवा. २०२० मध्ये चेकपॅचची (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) मर्यादा १०० झाली. त्या मोडलेल्या ओळी आता कोण जोडणार, आणि जोडूच नका असं मी हात जोडून सांगतो.

नवा_पॅच

वाईट वाटलं वाचून. तुम्ही सगळे असे बोलताय जणू चेकपॅचचे पॅच पाठवणारे लोक मुद्दाम त्रास द्यायला येतात. मी कर्नलच्या स्टेजिंग कप्प्यातूनच सुरुवात केली, पहिला पॅच स्पेसचाच होता, त्यातून गेट_मेंटेनर (पॅच कोणाला पाठवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट), कमिट मेसेज कसा लिहायचा, व्ही२ (सुधारलेला पॅच) कधी पाठवायचा हे शिकले. स्टेजिंग २००८ पासून आहेच त्यासाठी, की कोड कच्चा आहे, प्रत्येक ड्रायव्हरसोबत टूडू फाइल आहे, या आणि करा.

आणि त्यातून होतंही काम. कोमेडी हा ड्रायव्हरांचा संच, २००९ मध्ये स्टेजिंगमध्ये आलं, २०२१ मध्ये ५.१३ ला बाहेर पडून drivers खाली स्वतःच्या जागी गेलं. एवढी डेटा अॅक्विझिशन कार्डं, ढिगाने कोड, लोकांनी चिकाटीने ओळ न् ओळ नीट केली.

आयआरक्यू_सात

कोमेडी मान्य. तिथे काम करणारे लोक ती कार्डं ओळखणारे होते म्हणून झालं. आर८१८८ईयू सांगा की मग. रिअलटेकचा वायफाय ड्रायव्हर, स्टेजिंगमध्ये शेकडो पॅच खाल्ले, नावं बदलली, मॅक्रो काढले, आणि ६.३ मध्ये अख्खा डिलीट झाला, कारण ती चिप आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये नीट एमएसी८०२११ (कर्नलचा सामायिक वायफाय कोड) वर चालायला लागली. तेच श्रम पहिल्यापासून तिकडे गेले असते तर?

मोडेम_अजून_चालू

डिलीटचा विषय निघालाच आहे तर बोलतोच, कारण माझ्या मते हीच सगळ्यात मोठी "साफसफाई" आहे आणि तिच्यावर चर्चा कधीच होत नाही.

५.३ मध्ये जुनं आयएसडीएन४लिनक्स (डिजिटल फोन लाइनचा कोड) गेलं. ५.१४ मध्ये जुनी आयडीई सबसिस्टिम (जुन्या हार्ड डिस्कांचा कोड) गेली. ३८६ प्रोसेसर तर २०१२ मध्येच गेला. कारण बहुतेक वेळा एकच, "वर्षानुवर्षं कोणी पॅच पाठवला नाही, म्हणजे कोणी वापरत नाही". अहो, ज्याचं चालतंय तो पॅच कशाला पाठवेल? माझ्याकडे एक मोजमापाचं यंत्र आहे, त्याचं कार्ड जुनं, ड्रायव्हर ट्रीमध्ये होता, कधी तक्रार नाही. डिस्ट्रो अपग्रेड केली, ५.१० वरून थेट ६.१. कार्ड दिसेना. मध्ये कधीतरी ड्रायव्हर काढून टाकलेला, मेलिंग यादीवर विचारलं असेलही, पण मी ती यादी वाचत नाही, मी यंत्र चालवतो. गप्प बसलो त्याची शिक्षा.

रजिस्टरवाला

@मोडेम, तुमचं दुःख कळतं पण आयडीईचं उदाहरण चुकीचं आहे. लिबएटीए (त्याच कामाचा नवा कोड) कित्येक वर्षं शेजारी होती, जवळपास सगळं हार्डवेअर त्यात चालत होतं, दोन-दोन स्टॅक कोणी सांभाळायचे? आणि डिलीट म्हणजे अंत्यविधी नव्हे, कोणी हार्डवेअर घेऊन पुढे आलं तर रिव्हर्ट (काढलेला कोड परत आणणं) घेतात. फ्लॉपीचा ड्रायव्हर २०१९ मध्ये अनाथ म्हणून मार्क झाला होता, मग एक माणूस पुढे आला, आजही ट्रीमध्ये आहे.

मोडेम_अजून_चालू

रिव्हर्ट घेतात! मी ६.१ वर पोचेपर्यंत मध्ये दहा रिलीज होऊन गेले, आतले एपीआय बदललेले. रिव्हर्ट केलेला कोड कंपाइलच होत नाही. तुम्ही लोक आधी एपीआय बदलता, मग म्हणता कोणी बदलायला आलं नाही, मग काढता, मग म्हणता रिव्हर्ट करा. वापरणाऱ्याने कर्नल डेव्हलपर व्हायचं का आता?

बॅकपोर्टर

यावर +१. काढायचंच असेल तर आधी एका एलटीएसमध्ये प्रोबच्या वेळी मोठ्याने वॉर्निंग छापा की हा ड्रायव्हर जाणार आहे, आवाज करा. डीमेसेज (कर्नलचा लॉग) तरी लोक वाचतात.

रजिस्टरवाला

वॉर्निंगला माझी हरकत नाही, ते व्हायलाच हवं. पण सांभाळणाऱ्याच्या बाजूनेही बघा. ज्याला कोणी वाली नाही असा प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक एपीआय बदलात फुकटचं काम, आणि सिझबॉटने (कर्नलमध्ये आपोआप दोष शोधणारा बॉट) त्यात भोक काढलं की ते बुजवायला पुन्हा तोच थकलेला मेंटेनर.

आयआरक्यू_सात

मूळ मुद्द्यावर या. लहान "निरुपद्रवी" पॅच डोळे झाकून घेतले की काय होतं ते मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलंय. एरर पाथमधल्या छोट्या दुरुस्त्या म्हणून पॅच पाठवायचे आणि आत दोष पेरायचे, असा प्रयोग केला त्यांनी. २०२१ मध्ये कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी विद्यापीठाचे पॅच बंद केले आणि आधीचे सगळे परत तपासायला लागले. अनोळखी माणसाच्या साफसफाईकडे मी त्याच नजरेने बघतो.

नवा_पॅच

म्हणजे मी चोर? प्रत्येक नवीन माणूस संशयित? कमाल आहे. तुमच्या एडीसीच्या ड्रायव्हरमध्ये तो घोळ झाला तेव्हा रिव्ह्यूड-बाय (पॅच तपासल्याची सही) कोणाचं होतं? एखाद्या नवख्याचं तर नक्कीच नसणार, जुन्याजाणत्याचंच असणार. क्लॉक आणि आयआरक्यूचा क्रम बघणं हे रिव्ह्यू करणाऱ्याचं काम होतं, आणि ते त्याने केलं नाही. राग तिकडे काढा.

आयआरक्यू_सात

चोर म्हटलेलं नाही. रिव्ह्यूचं म्हणाल तर हो, तो जुन्यानेच दिला होता. ते तुमचं बरोबर.

रजिस्टरवाला

आणि डीबग_एसएचआयआरक्यू चालू ठेवून एकदा अनबाइंड केलं असतं तर पहिल्या झटक्यात सापडलं असतं. तो ऑप्शन आहेच त्यासाठी, शेअर्ड हँडलर सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो.

आयआरक्यू_सात

कशावर अनबाइंड? बोर्ड लागतो ना त्याला! दोन दिवस मी दुसरं काय ओरडतोय?

रजिस्टरवाला

बरं. हार्डवेअर असेल तर त्यावर चालवून मगच, हे मान्य. पण तुमच्या ड्रायव्हरमध्ये चूक साफसफाईची नाही, *अर्धवट* साफसफाईची आहे. क्लॉक पण डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्डने घेतला असता, तोही आयआरक्यूच्या आधी, तर सोडताना उलट्या क्रमाने आधी आयआरक्यू सुटला असता, मग क्लॉक. प्रश्नच मिटला असता.

बॅकपोर्टर

५.१० निघाला तेव्हा ते फंक्शनच नव्हतं. ६.० ला आलं. तिथे काय लावू?

आयआरक्यू_सात

म्हणूनच मी म्हणतो, आधी रिक्वेस्ट_आयआरक्यू आणि फ्री_आयआरक्यूची जोडी जशी होती तशी परत घाला, फिक्सेस टॅगसकट, म्हणजे स्टेबलला (सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या रिलीजना) सरळ जाईल. डेव्हएमचं सौंदर्य नंतरच्या पॅचमध्ये करा. रजिस्टरवाले, तुम्हीच पाठवा दोन्ही, मी आमच्या बोर्डवर शंभर वेळा अनबाइंड-बाइंड करून टेस्टेड-बाय (चालवून पाहिल्याची सही) देतो. पहिल्या पॅचमध्ये इंडेंटेशनला हात लावलेला चालणार नाही.

नवा_पॅच

दुसरा मी लिहिते. क्रम मला आता पाठ झालाय.

मोडेम_अजून_चालू

आणि माझं कार्ड?