मुलगी म्हणते मी गॉथ आहे, काळजी करू का?

निफाडची_आई:
मुलगी अकरावीत आहे. दिवाळीपासून सगळं काळं, नखं काळी, काजळ तर नुसतं थापलेलं, कानात दिवसभर कसलीतरी किंचाळणारी गाणी. विचारलं तर म्हणते आई मी गॉथ आहे, म्हणजे काळे कपडे आणि उदास गाणी आवडणाऱ्यांपैकी. सासूबाई म्हणतात सणासुदीला काळं म्हणजे अवलक्षण, तर हिने उलट विचारलं संक्रांतीला चालतं ना मग आजच काय झालं, त्यावरून दोन दिवस घरात अबोला. मला कपड्यांचं काही नाही हो, पण जेवण कमी झालंय, रात्री दोनपर्यंत जागी आणि उन्हातसुद्धा फुल बाह्या. अशी मुलं स्वतःला इजा करून घेतात असं वाचलं, खरंय का? ते कपडे काढून घेऊ का?

रंगभवनवाला:
ताई आधी दुरुस्ती, किंचाळतं ते मेटल, म्हणजे कर्कश रॉक, गॉथ संगीत वेगळं, ते 1980 च्या आसपास इंग्लंडात पंक रॉकमधून निघालं, उदास आणि बरंचसं संथ. दोन्ही ऐकत असेल म्हणा. मी मेटलवाला, मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक नावाचा रॉक महोत्सव व्हायचा, तिथे जायचो. पोरं एकमेकांवर आपटायची, लांबून मारामारीच वाटेल, पण कोणी पडला की चार हात लगेच उचलायला. बाबा गेले त्या वर्षी घरी एकदाही रडलो नाही, तिथे रडलो, शेजारच्या अनोळखी पोराने पाण्याची बाटली पुढे केली, विचारलं काही नाही. कपडे काढून घेऊ नका, माझ्या टीशर्टने आईने फरशी पुसली होती, अजून विसरलो नाही 😀

समुपदेशक_पुणे:
तुम्ही वाचलं ते बहुतेक इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या अभ्यासाबद्दल असेल, 2015 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. साडेतीन हजारांवर मुलं, त्यात 15 व्या वर्षी स्वतःला पक्कं गॉथ म्हणणाऱ्यांमध्ये 18 व्या वर्षी नैराश्य साधारण 3 पट आणि स्वतःला इजा करणं 5 पट दिसलं. पण गॉथ झाल्यामुळे हे होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, आधीच एकटी पडलेली मुलं तिकडे ओढली जात असतील. मला काळ्या रंगापेक्षा जेवण, झोप आणि त्या बाह्या महत्त्वाच्या वाटतात. एकटीला गाठून सरळ विचारा की स्वतःला इजा करावीशी वाटते का, विचारल्याने नसलेलं डोक्यात शिरत नाही. जबरदस्तीने बाही मात्र वर करू नका. याच आठवड्यात डॉक्टर बघा, मध्येच गरज पडली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलतात.

काळी_मांजर:
मी 17 ची, मी पण अशीच. काकू खरं सांगू, काळं घातलं की कोणी "हस ना जरा" म्हणत नाही. तेवढंच पाहिजे असतं कधीकधी.

निफाडची_आई:
सगळ्यांचे आभार. काल रात्री दीडला तिच्या खोलीत गेले, आधी काहीच बोलले नाही, म्हटलं एक इअरफोन मला दे. गाणं काही कळलं नाही, आमच्या भजनी मंडळापेक्षा संथ होतं. तीन गाणी झाल्यावर विचारलं. खूप रडली. बाही तिनेच वर केली. शुक्रवारची डॉक्टरची वेळ मिळालीये, तोपर्यंत मी तिच्याच खोलीत झोपतेय. सासूबाईंना काय सांगायचं ते अजून सुचत नाहीये.