सोलापुरात मुलांसह मुक्काम: चांगला स्विमिंग पूल असलेले हॉटेल कसे निवडावे?

वैशाली, नाशिक

मे महिन्यात आम्ही सहा जण चार रात्रींसाठी सोलापुरात मुक्कामाला येत आहोत. सासू-सासऱ्यांना अक्कलकोट आणि तुळजापूरचे दर्शन घ्यायचे आहे आणि प्रकृतीने साथ दिली तर एक दिवस पंढरपूरलाही जायचे आहे. मुलगी नऊ वर्षांची असून तिला पोहता येते. मुलगा चार वर्षांचा आहे आणि त्याला पाण्याची भीती मुळीच वाटत नाही, आम्हाला वाटते ती त्याचीच.

सासऱ्यांचे मत भक्तनिवासात उतरावे असे होते, परंतु मे महिन्यातल्या उन्हात दुपारभर मुलांना खोलीत बसवून ठेवणे अवघड आहे, म्हणून शहरातच पूल असलेले हॉटेल घ्यावे असे शेवटी ठरले. अडचण अशी की संकेतस्थळांवर प्रत्येक हॉटेलचा पूल सारखाच निळा आणि रिकामा दिसतो. हॉटेल शहराच्या कोणत्या भागात असावे, फोनवर नेमके काय विचारावे आणि केवळ पुलासाठी जास्त भाडे मोजणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिद्धेश्वर पेठकर, सोलापूर

वैशालीताई, भागाचा विचार फार करू नका. अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटर, तुळजापूर सुमारे पंचेचाळीस आणि पंढरपूर सत्तरच्या पुढे आहे. ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एकीकडे वाचलेली दहा मिनिटे दुसरीकडे जातात. होटगी रस्ता, सात रस्ता किंवा पुणे नाका यांपैकी कुठेही उतरलात तरी फारसा फरक पडणार नाही. फक्त रेल्वेने येणार असाल आणि गाडी रात्री उशिरा पोहोचत असेल, तर स्टेशनपासून जवळचे हॉटेल सोयीचे पडेल.

भागापेक्षा वेळापत्रकाचा प्रश्न मोठा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, काही दिवस बेचाळीस-त्रेचाळीसही गाठतो. त्यामुळे दर्शनाला पहाटे निघायचे आणि ऊन तापायच्या आत परतायचे, हाच शहाणपणाचा क्रम आहे. आता असे पाहा की बऱ्याच ठिकाणी पूल सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात एवढाच खुला असतो. सकाळी तुम्ही देवळाच्या रांगेत असणार, म्हणजे तुमच्या वाट्याला संध्याकाळचे तीनच तास येतात. तेवढ्यात पूल देखभालीसाठी बंद ठेवला किंवा कोणत्या कार्यक्रमाला दिला, तर जास्तीचे भाडे वाया गेले असे समजा. म्हणून पहिला प्रश्न ‘पूल आहे का’ असा न विचारता ‘आमच्या मुक्कामाच्या चारही दिवशी संध्याकाळी पूल खुला असेल का’ असा विचारा आणि उत्तर संदेशावर लेखी मागवा.

मे हा लग्नसराईचा महिना आहे. अलीकडे हळदीचा कार्यक्रम पुलाच्या काठी करण्याची पद्धत पडली आहे आणि त्या दिवशी इतर पाहुण्यांना तिकडे फिरकू देत नाहीत. हॉटेलला लॉन किंवा मोठे सभागृह असेल, तर त्या तारखांना कार्यक्रम आहे का हे विचारल्याशिवाय आरक्षण करू नका, कारण बँजो आणि डीजे यांच्या आवाजात तुमचे सासरे झोपतील असे मला तरी वाटत नाही. दर्शनाचे वारही जमवून घ्या. अक्कलकोटला गुरुवारी, तुळजापूरला मंगळवारी आणि शुक्रवारी, तर पंढरपूरला एकादशीला गर्दी असते. शनिवार-रविवारी गर्दी पुलावर असते, कारण काही हॉटेले बाहेरच्यांनाही पैसे घेऊन प्रवेश देतात.

नितीन, जलशुद्धीकरण व्यवसाय

माझा व्यवसाय जलतरण तलावांची देखभाल करण्याचा असल्यामुळे मी फक्त पाण्यापुरते लिहितो.

‘आम्ही रोज पाणी बदलतो’ असे एखाद्या हॉटेलने अभिमानाने सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा लहान तलावातही साठ हजार लिटरांहून अधिक पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे एवढे पाणी रोज कोणी ओतत नाही आणि ओतायची गरजही नसते. तेच पाणी गाळण यंत्रातून सतत फिरवायचे, त्यात क्लोरीन सोडायचे आणि बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरून काढायची, अशी योग्य पद्धत आहे. म्हणून विचारायचे ते असे: फिल्टर दिवसात किती तास चालतो, आणि पाण्यातील क्लोरीन व सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) कितीदा तपासून नोंदवहीत लिहितात? नोंदवही दाखवणाऱ्या हॉटेलला माझ्या लेखी चकचकीत फरशी असलेल्या हॉटेलपेक्षा अधिक मोल आहे.

आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची म्हणजे सीडीसीची शिफारस अशी आहे की मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेले क्लोरीन, किमान 1 पीपीएम (लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम) असावे, उन्हापासून क्लोरीन टिकवणारे स्टॅबिलायझर वापरत असल्यास ते किमान 2 पीपीएम असावे आणि सामू 7.0 ते 7.8 यांच्या दरम्यान राहावा. सोलापुरात या स्टॅबिलायझरला विशेष महत्त्व आहे. ऊन थेट पाण्यावर पडले की क्लोरीन झपाट्याने विघटित होते, त्यामुळे सकाळी टाकलेली मात्रा संध्याकाळपर्यंत, म्हणजे मुले पाण्यात उतरतात त्याच वेळी, संपत आलेली असू शकते. गच्चीवरच्या उघड्या तलावाबाबत दुपारनंतर पुन्हा मात्रा देतात का, हे आवर्जून विचारा. चाचणीच्या पट्ट्या बाजारात आणि ऑनलाइन मिळतात. एक पाकीट बॅगेत ठेवलेत तर कोणाला विचारायचीही गरज उरणार नाही.

पट्टी नसली तरी डोळ्यांनी बरेच कळते. तलावाच्या सर्वांत खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे; ती अंधूक दिसत असेल तर पाण्यात उतरू नये, कारण अशा पाण्यात बुडालेले मूलही दिसत नाही. काठाच्या फरशांवर हात फिरवून पाहा. बुळबुळीत लागल्या तर शेवाळ धरले आहे. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, अशी समजूत सर्वत्र आहे, पण ती खरी नाही. घाम, लघवी आणि अंगावरचे तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि डोळ्यांची आग व तो वास त्यांच्यामुळेच असतो. उतरण्यापूर्वी अंघोळीची सक्ती करणारे हॉटेल पाहुण्यांना छळत नसते.

लहान मुलाला जुलाब होत असतील तर त्याला तलावात उतरवू नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही काही दिवस तग धरतो, त्यामुळे एका मुलाचा आजार सगळ्यांना होऊ शकतो. मुलीचे केस लांब असतील तर टोपी घालाच, कारण तळाच्या जाळीच्या ओढीत केस अडकण्याचा धोका असतो. जाळी तुटलेली किंवा सैल दिसली, तर त्या तलावात कोणीच उतरू नये.

शुभदा, सोलापूर

खोलीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून दोन शब्द. तळमजल्यावरची, दार उघडताच पुलाकडे जाणारी खोली छायाचित्रात फार छान दिसते, पण चार वर्षांच्या मुलासाठी ती घेऊ नका. तुम्ही दुपारी डुलकी घेत असताना त्याने कडी काढली तर? पुलाभोवती कुंपण आणि मुलाला न उघडणारे फाटक असावे. ते नसेल तर वरच्या मजल्यावरच्या, आतून दाराने जोडलेल्या दोन खोल्या मागा. एका खोलीत आजी-आजोबा झोपतील आणि मुले दोन्हीकडे बागडतील. कमोडजवळ धरायला दांडी आहे का, लिफ्ट पुलाच्या मजल्यापर्यंत जाते का, हेही विचारा, नाहीतर आजी-आजोबांना नातवंडांचे पोहणे ऐकूनच समाधान मानावे लागेल.

नाश्ता साधारण साडेसातला सुरू होतो आणि तुम्ही त्याआधीच निघालेल्या असाल. तो बांधून मिळेल का, हे आदल्या रात्रीच ठरवा. परतल्यावर मुलांना दहीभात मिळाला आणि आजोबांना कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी मिळाली, म्हणजे झाले. टॉवेल मात्र खोलीतले नेऊ नका, पुलासाठी वेगळे मागा. टॉवेल विणणाऱ्या गावात त्यांची टंचाई असल्याचे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

वैशाली, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आज फोन केले आणि दोन हॉटेले उरली. पहिल्याचा पूल गच्चीवर असून सगळीकडे चार फूट खोल आहे. तिथे देखरेखीला माणूस असतो, पण लहान मुलांसाठी वेगळा पूल नाही. दुसऱ्याकडे दीड फुटाचा बालतलाव आहे, परंतु लॉन आहे आणि आमच्या मुक्कामात एका संध्याकाळी लग्न आहे. पहिल्याचे भाडे रात्रीला 7500 रुपयांच्या थोडे वर, तर दुसऱ्याचे थोडे खाली आहे. आणखी एक शंका सासऱ्यांची आहे: गावाला पाण्याची टंचाई असताना आपण पोहत बसणे बरे दिसते का?

नितीन, जलशुद्धीकरण व्यवसाय

सासऱ्यांची शंका रास्त आहे. मी वर दिलेल्या मापाच्या तलावाचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर होतो. कडक उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले, तर पाचशे लिटर जातात. गाळण यंत्र धुण्यासाठी लागणारे पाणी वेगळे. म्हणजे भरलेला तलाव नीट राखला तर खर्च आटोक्यात राहतो. शेवाळले म्हणून सगळे पाणी गटारात सोडून पुन्हा टँकर मागवणे ही खरी नासाडी आहे. रात्री तलावावर आच्छादन घालणारे हॉटेल मिळाले तर सासऱ्यांना जरूर सांगा.

चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वातीन फूट असते. चार फुटांचा तलाव त्याच्यासाठी पूर्णपणे डोक्यावरून आहे आणि मुलीच्याही बहुधा हनुवटीच्या वर येईल. हवेच्या फुग्यांवर किंवा देखरेखीच्या माणसावर विसंबू नका. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. कोणतेही हॉटेल घेतले तरी घरातले एक मोठे माणूस मोबाइल बाजूला ठेवून मुलापासून हाताच्या अंतरावर पाण्यात असलेच पाहिजे.

सिद्धेश्वर पेठकर, सोलापूर

दुसरे घ्या. सप्टेंबर 2025 मधल्या बदलानंतर 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के आहे, त्यामुळे दोन खोल्यांचा चार रात्रींचा फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा होईल. लग्नाच्या संध्याकाळी पूल मिळणार नाही असे गृहीत धरून पंढरपूर त्याच दिवशी ठेवा आणि लॉनच्या विरुद्ध बाजूच्या खोल्या आजच मागून घ्या. पंढरपूरला जाणे झाले नाही, तर ती संध्याकाळ सिद्धेश्वर मंदिरात काढा. मंदिर तलावाच्या मधोमध आहे, उन्हे उतरल्यावर तिथे वारा सुटतो आणि शेजारी भुईकोट किल्ल्याची बागही आहे. मात्र त्या तलावात मुलाला उतरता येणार नाही, हे त्याला घरूनच सांगून आणा.