फ्लॅकमधला 'सैराट' फुसका का वाजतोय?

बाळू_सांगली:
मंडळी, जरा डोकं खातो. गेल्या महिन्यात ओळखीतल्या ओळखीतून 'मराठी चित्रपटगीते, सगळी फ्लॅक' (म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता दाबलेल्या फाइली) असा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. दीड हजार मोजले. त्याआधीच चार हजारांचा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी) आणि वायरवाला हेडफोन घरात आलेला, त्यामुळे घरचं वातावरण तापलेलंच होतं.

रात्री सगळे झोपल्यावर 'सैराट' लावला. ताल जोरात, बेस जोरात, पण झांजा वाजल्या की पातेल्यात वाळू हलवल्यासारखं सळसळ सळसळ. व्हायोलिनंही एकमेकांना चिकटलेली. दुसऱ्या दिवशी बायकोला ऐकवलं, तर म्हणाली, "तुम्ही फोनवर लावता तसंच तर आहे की." चार मिनिटांचं गाणं २४ एमबीचं आहे, म्हणजे माल अस्सलच असणार ना? की बावन्नाव्या वर्षी माझेच कान गेले?

तारषड्ज:
बाळूकाका, साइजवर जाऊ नका. सीडीच्या दर्जाचा ऑडिओ सेकंदाला १४११ किलोबिट खातो. चार मिनिटांचे साधारण ४२ एमबी होतात, फ्लॅक ते दाबून पंचविसेक करतं आणि वाजवताना जसंच्या तसं उलगडतं. पण त्याला जे द्याल तेच ते जपणार. एमपी३ दाबताना आवाजाचा काही भाग टाकूनच देते. कुणी अशी सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३ घेऊन फ्लॅक केली, तरी फाइल फुगतेच. झेरॉक्सची झेरॉक्स लॅमिनेट केली म्हणून तिचा मूळ सातबारा होत नाही.

स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गाणं टाका. आडवी वेळ, उभी कंप्रता (वर जाल तसा आवाज बारीक) असं रंगीत चित्र येईल. 'सैराट' २०१६चा, वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलेला. तिथल्या झांजा सरळ २० किलोहर्ट्झच्या वर जायला हव्यात. १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखं सपाट दिसलं, तर समजून जा, मूळ माल एमपी३ आहे.

आणि कान गेले नाहीत. पन्नाशीनंतर १६च्या वरचं तसंही बहुतेकांना ऐकू येत नाही. तुम्हाला खटकतंय ते वरचं गायब झालेलं नाही, खालचं कुरतडलेलं. कमी बिटरेटमध्ये (सेकंदाला कमी किलोबिट दिले की) झांजांची सळसळ होते ती त्यामुळेच.

नुसता_श्रोता:
ब्लूटूथवर तर ऐकत नाही ना? तिथे साध्या एसबीसीने (ब्लूटूथची आवाज दाबायची पद्धत) पुन्हा दाबलं जातं, मग फ्लॅक असो की आणखी काही. बाकी दीड हजारांत नाट्यगृहात दोन-तीन प्रयोग बघून झाले असते.

बाळू_सांगली:
वायरच आहे हो. स्पेकमध्ये टाकलं. 'सैराट'ची चारही गाणी १६ला सपाट, वर काळंकुट्ट. त्या माणसाला फोन केला, तर म्हणे "साहेब, फाइलच्या नावात फ्लॅक लिहिलंय ना?" यावर काय बोलणार!

पण एक प्रश्न. बाबांच्या आवडीची १९६०च्या आसपासची गाणीही १० किलोहर्ट्झनंतर अंधारतात. ती पण खोटी?

तारषड्ज:
लगेच पुसून टाकू नका. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळात वरचं फारसं नसायचंच. तिथे गाणं बघायचं नाही, गाण्यामागची टेपची 'स्स्स' बघायची. ती पार वरपर्यंत फिकट पसरलेली असेल, तर टेपवरून नीट उतरवलंय. तीसुद्धा १६ला सरळ रेषेत तुटली असेल, तर एमपी३. आणि अख्खी 'स्स्स'च नसेल, तर कुणीतरी गोंगाट पुसायच्या नादात गायिकेचा श्वासही पुसलाय. ही तिसरी जात मला सगळ्यात वाईट वाटते, कारण अशा फाइली 'रीमास्टर' म्हणून अधिकृतही विकल्या जातात. तिथे फ्लॅक शंभर टक्के खरं असतं, गाणं मात्र मेलेलं.

आणखी एक, मोनो गाण्याची फ्लॅक फाइल १२-१४ एमबीचीच निघाली तर घाबरू नका. दोन्ही बाजूंना तेच असल्यामुळे फ्लॅक एकदाच साठवतं.

घरात नव्वदच्या दशकातल्या सीडी असतील तर त्या काढा. बऱ्याचदा नंतरच्या आवृत्त्यांपेक्षा त्या कमी ठोकलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम कमी चढवलेल्या असतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने संगणकावर उतरवा, सेक्युअर मोडमध्ये (खात्री होईपर्यंत परत परत वाचतं).

बाळू_सांगली:
माळ्यावर बाबांच्या अकरा सीडी सापडल्या, दोन डब्यांत झुरळांची अंडी. पहिली लावली. 'स्स्स' आहे! आणि दुसऱ्या कडव्याआधी तबलजी बोट घासतो, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. बायकोला न सांगता हेडफोन दिला, तर म्हणाली, "ह्यात बाई जवळ बसून गातेय."

सातव्या गाण्यावर ओरखडा आहे, सॉफ्टवेअर तीच जागा पाऊण तास परत परत वाचतंय. थांबू की सीडी टूथपेस्टने घासू?

तारषड्ज:
टूथपेस्ट नको! मऊ ओल्या फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. आणि थांबा.